फुगवटा

लॅपटॉपच्या मागच्या झाकणाला अकरा स्क्रू असायला हवे होते, दहा होते. चार रबरी पायांपैकी तीन टेबलाला टेकले होते आणि चौथा, डाव्या हाताचा पुढचा, अधांतरी होता. त्याच्याखालून वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा सहज सरकत होता. दोन एकावर एक ठेवले तरी सरकत होते, तिसरा अडला. वरचं झाकण मिटल्यावर पुढच्या कडेला फट राहत होती, उजवीकडं कमी, डावीकडं जास्त. मिनाजनं प्लॅस्टिकच्या व्हर्नियरनं मिटलेल्या लॅपटॉपची जाडी तीन ठिकाणी मोजली: उजवी कड १९.२ मिलिमीटर, डावी कड १९.८, आणि मधोमध, जिथं तळहात टेकवून ती रोज लिहीत होती तिथं, २१.४. तिनं तिन्ही आकडे वहीत उतरवले, वर सोमवार, सकाळी साडेदहा, खोलीचं तापमान चौतीस असं घातलं, आणि मग पेन हातात तसंच धरून बसून राहिली. लिहायचं होतं ते लिहून झालं होतं. पुढच्या रकान्याला काय नाव द्यावं ते सुचत नव्हतं.

गेले दोन दिवस तिनं दोष टेबलाला दिला होता. डावीकडचं अक्षर दाबलं की टक्, उजवीकडचं दाबलं की गप्प. टेबलाच्या पायाखाली तिनं कागदाची घडी घातली, मग जास्त झाली म्हणून एक पदर कमी केला, मग टेबल खिडकीपासून भिंतीकडं ओढलं. फरशीच खालीवर असेल असंही वाटून गेलं. सोमवारी चहाचा रिकामा ग्लास लॅपटॉपशेजारी होता आणि टक् झाल्यावर ग्लासातला चमचा हलला नाही, तेव्हा तिला कळलं की टेबल जागचं हलत नाही. हलतंय ते तिच्या हाताखालचं. तिनं दोन्ही तळहात उचलले. तव्यावरून उचलावेत तसे नाही. झोपलेल्या माणसाच्या अंगावर चुकून हात पडला की उचलतो तसे, हळू. त्या दोन दिवसांत ती त्याच्यावर हात टेकवून अठरा तास तरी बसली असेल. लॅपटॉप चार वर्षांपूर्वी तिच्या भावानं, समदभाईनं, पुण्याहून जुनाच आणला होता. त्यावर तिची बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, जिल्ह्यातल्या एक्केचाळीस विहिरींच्या पाण्याच्या पातळ्या त्यावर भरल्या गेल्या आणि आता येत्या सोमवारी, अकरा वाजता, बेंगळुरूच्या एका संस्थेतले पाच जण त्याच लॅपटॉपच्या काचेतून तिला बघणार होते. वीस मिनिटं बोलायचं, आलेख दाखवायचे, मग प्रश्न. संशोधनाची एक जागा होती. फोनवर ते जमण्यासारखं नव्हतं. पेनड्राइव्हवर सगळं उतरवून ठेवण्याइतकी शहाणी ती होतीच. आकड्यांची काळजी नव्हती. लॅपटॉप फक्त आठ दिवस टिकायला हवा होता.

आत काय चाललंय ते तिला माहीत होतं, आणि हीच त्यातली विचित्र गोष्ट होती. बॅटरी म्हणजे चंदेरी पापुद्र्याच्या तीन चपट्या पुड्या, तीन सेल, आत एकमेकींना न शिवणारे थर, मध्ये ओलावा. तो ओलावा कुजायला लागतो, वायू सुटतो, वायूला जायला वाट नसते. थर एकमेकांना शिवले की उष्णता, उष्णतेनं आणखी वायू, आणि मग आग, ती थांबवणं कुणाच्या हातात नसतं, पाण्याच्याही नाही. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर तिनं दहापैकी नऊ गुण घेतले असते. पण उत्तर माहीत असण्याचा आणि हात उठण्याचा काही संबंध नसावा. कॉलेजात गौरीशंकर सर प्रयोगाआधी फळ्यावर एकच वाक्य लिहायचे: मर्यादा आधी ठरवा, मोजणी मागून करा. नाहीतर मोजता मोजता मर्यादा तुमच्याबरोबर चालायला लागते, म्हणायचे, कुत्र्याच्या पिल्लासारखी. मुली हसायच्या. मिनाज हसायची नाही, लिहून घ्यायची. सोमवारी दुपारी तिनं वहीत शेवटी लाल पेनानं लिहिलं: मधोमध २४.० झाली की बॅटरी काढायची. खाली दोन रेघा मारल्या. २४ का, २३ का नाही, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण रेघा मारल्यावर बरं वाटलं, जणू बॅटरीनंच सही केली होती.

मंगळवारी ती एसटी स्टँडसमोरच्या रुद्रेशच्या दुकानात गेली. रुद्रेश अणदूरचा, तिच्याच वर्षीचा, डिप्लोमा अर्धा सोडून दुरुस्तीला बसलेला. त्यानं लॅपटॉप घेतला, टेबलावर ठेवला, एका बोटानं कोपरा दाबून डुगडुगवला आणि हसला.

"पाळणा झालाय की, मिनाजताई."

"हसायला काय झालं? बॅटरी फुगलीये."

"दिसतंय मला. टम्म." त्यानं अंगठ्यानं मध्यभागी दाबलं. मिनाजनं त्याचा हात बाजूला केला. "दाबू नको रे!"

"अहो, रोज चार येतात अशा. उन्हाळा लागलाय न्हवं. वास येतोय का? न्हाय. पाणी सुटलंय का? न्हाय. काही होत न्हाय. नवी पुण्याहून मागवतो, आठ-धा दिवसांत येती."

"मला सोमवारी लागतोय हा."

"मग वापरा की सोमवारपतोर."

"समज तुझाच असता, तर तू कधी काढली असतीस?"

रुद्रेशनं खरंच विचार केला. स्क्रूड्रायव्हरनं कान खाजवत तो म्हणाला, "खरं सांगू का? गिऱ्हाईक घाबरलं की काढायची. न्हाय घाबरलं तर चालवायची. आता तुम्ही अर्ध्या घाबरलाय."

दुकानातले दोघं-तिघं हसले. तीही हसली. बाहेर पडताना एकानं सहज म्हणावं तसं म्हटलं, काही होत नाही ताई, माझा मोबाईल वर्षभर फुगलेलाच होता. भूमच्या गाडीची घोषणा चालली होती. रस्ता ओलांडताना तिच्या लक्षात आलं की आपण पिशवी अंगापासून लांब, हात सरळ करून धरलीये, आणि लोक वाट देतायत.

नंतर 'काही होत नाही' हे तीन शब्द तिला सगळीकडं ऐकू यायला लागले. या गावात लोक ते दिवसभर बोलत होते आणि तिनं कधी मोजले नव्हते. दूधवाला बोलला, दूध थोडं फाटल्यासारखं दिसतंय पण काही होत नाही. वायरमन उघड्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळताना बोलला. भूमहून अम्मीचा फोन आला. अम्मी, म्हणजे शरिफाबी, समदभाईच्या बायकोच्या बाळंतपणाला तिकडं गेली होती आणि महिना तरी येणार नव्हती. बाळाला कावीळ दिसतीये, डॉक्टर म्हणाले काही होत नाही, कोवळ्या उन्हात धरा. मिनाज ऐकत होती आणि मनात एक रेघ ओढत होती, पाचवी, सहावी, सातवी. एकच माणूस ते शब्द बोलत नव्हता. तिनं आठवून बघितलं, पार लहानपणापर्यंत मागं जाऊन. तिला ताप आला तेव्हा, समदभाई झाडावरून पडला तेव्हा, दहावीच्या निकालाच्या दिवशी. अब्बांच्या तोंडी ते शब्द कधी आलेच नव्हते. ते म्हणायचे, बघू. ते म्हणायचे, तुझी अम्मी सांगेल. कुठल्याही गोष्टीची वेळ त्यांनी कधी ठरवली नव्हती. दुसऱ्यानं ठरवली की उठायचे.

अब्बांचं, खाजामियाँचं, बाइंडिंगचं दुकान दर्ग्याकडं जाणाऱ्या गल्लीत होतं. खाली दुकान, वर पत्र्याची खोली, मागं स्वयंपाकघर. शाळांचे हजेरीपट, वकिलांचे ग्रंथ, कचेऱ्यांची जाड रजिस्टरं. मार्चअखेर नुकती उलटलेली, त्यामुळं दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून छातीइतकी कागदाची रास, पुठ्ठे, कापडाचे तागे, खळ, सरस. मध्यभागी बांधलेली पुस्तकं दाबायचा शिकंजा: खाली सागवानी फळी, वर सागवानी फळी, वरच्या फळीवर आट्यांचा उभा लोखंडी स्क्रू आणि त्याला आडवं दांडकं. अब्बा रात्री तिथंच झोपत, दाराला लागून, आणि शटर पूर्ण खाली ओढत नसत; खाली एक वीट लावून वीतभर उघडं ठेवत. हवा येते, म्हणत. हिवाळ्यातसुद्धा वीट असे. तिनं त्याचा कधी विचार केला नव्हता. घरात सगळे दखनी बोलत, पण शिकंज्याशी बसले की अब्बा तिच्याशीही मराठीतच बोलत, जणू दुकानाची भाषा वेगळी आणि तीही त्यांचं गिऱ्हाईकच.

बुधवारी मध्यभाग २२.३ झाला. गुरुवारी २३.१. ती सकाळी मोजत होती आणि संध्याकाळी मोजत होती, मग दुपारीही मोजायला लागली. दोन आकड्यांमधल्या वेळात ती भाषणाचा सराव करत होती, पण विहिरींचे आलेख बघताना तिच्या डोळ्यांपुढं दुसरा आलेख येत होता, वहीतला, आणि खरं सांगायचं तर तो जास्त देखणा होता. ठिपके इतके नीट चढत होते. यात गोडी आहे हे तिला कळत होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती. लाज वाटायला हवी, एवढंच वाटत होतं. वरची खोली दुपारी एकोणचाळीस अंशांवर जात होती. उष्णतेनं वेग वाढतो. म्हणून गुरुवारी तिनं लॅपटॉप खाली दुकानात नेला, मागच्या भिंतीपाशी, जिथं दिवसभर सावली असते, आणि रजिस्टरांच्या एका गठ्ठ्यावर ठेवला. तापमान तेहेतीस. तिनं रकान्यात ते लिहिलं आणि खोली बदलल्याची नोंद तळटीपेत केली. कागदाच्या राशीवर आपण काय ठेवतोय हे तिनं तळटीपेत लिहिलं नाही. ते तिच्या मनातच आलं नाही, असं तिला नंतर म्हणता आलं असतं. पण मनात आलं होतं. गठ्ठ्यावर ठेवताना क्षणभर तिचे हात थांबले होते आणि मग तिला तापमापीचा पारा उतरताना दिसला होता.

शुक्रवारी दुपारी, अब्बा नमाजला गेले असताना, मध्यभाग २४.३ झाला. तिनं पुन्हा मोजला. २४.३. व्हर्नियरचा शून्य तपासला, बरोबर होता. वहीचं शेवटचं पान उघडलं. दोन लाल रेघा होत्या. ती पुष्कळ वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. गल्लीत कुणीतरी बादलीनं पाणी मारत होतं, ओल्या मातीचा वास आत येत होता आणि पंख्याखाली कागदाचे कोपरे एकामागून एक उचलले जाऊन पडत होते. मग तिनं ४ च्या जागी, त्याच्याच अंगावर, ५ काढला. ४ चा ५ करायला फार काही लागत नाही. सोमवार अकराला अजून एकोणसत्तर तास होते. दिवसाला ०.९ धरलं तर पंचवीस शनिवारीच ओलांडले जातील, हा हिशेब तिनं केला नाही. जिला कुठलाही हिशेब तोंडी येतो तिनं तो केला नाही. कुत्र्याचं पिल्लू पायाशी येऊन बसलं होतं आणि तिनं खाली बघितलं नाही.

शनिवारी ती जिल्हा ग्रंथालयात गेली, तिथं पंख्याखाली बसून भाषण तोंडी म्हणून बघितलं आणि साडेबाराला परत आली. गठ्ठ्यावर लॅपटॉप नव्हता. खाली पडला का बघितलं, मागं बघितलं. अब्बा जुजबंदीला, पानं शिवायला, बसले होते, तोंडात दोरा, सुई वर जात होती, खाली येत होती. त्यांनी मानेनं शिकंज्याकडं दाखवलं.

दोन फळ्यांच्या मध्ये, वर पुठ्ठा, खाली पुठ्ठा, चारी कडा नीट जुळवून, लॅपटॉप बसवला होता. वर दांडकं आडवं, घट्ट.

"अब्बा!"

तो आवाज तिचा होता, पण इतका मोठा आवाज तिनं या घरात कधी काढला नव्हता. समोरचा पानपट्टीवाला वळून बघायला लागला. अब्बांच्या तोंडातून दोरा पडला.

"काय झालं गं? अगं, पोट सुटलं होतं त्याचं. मिटत नव्हतं. ओल धरली की रजिस्टर असंच फुगतं, मग चार आटे दिले की बसतं जागेवर. तुझं सोमवारचं काम हाय म्हणून म्या..."

"कधी लावलंत?"

"तू गेलीस तवाच. साडेधा." ते उठून उभे राहिले. "चूक झाली का?"

ती शिकंज्यापाशी गेली. दांडकं दोन्ही हातांनी धरलं आणि उलटं फिरवलं, एकदम नाही, पाव आटा, थांबून पाव आटा, कारण दाब एकदम काढावा की हळू हे तिला माहीत नव्हतं. पुस्तकात शिकंज्याचं उदाहरण नव्हतं. वरची फळी सुटली. तिनं व्हर्नियर लावला. मधोमध २०.१. आणि एक क्षण, तो क्षण तिला पुढं कितीही वर्षं झाली तरी विसरता येणार नव्हता, तिला आनंद झाला. २०.१! बसलं की जागेवर. सोमवारपर्यंत सहज. मग वास आला. गोडसर, पिकून कुजलेल्या पेरूशेजारी नखरंगाची बाटली उघडून ठेवावी तसा. वायू कुठंतरी गेला होता. म्हणजे पापुद्रा कुठंतरी उघडला होता. तिनं तळहात वर धरला, न टेकवता. कोमट.

अब्बा जागचे हलले नव्हते. त्यांचे हात पुढं होते, खळीनं पांढरे, आणि ते हातांकडंच बघत होते. तिला त्यांची दया आली. त्या दयेपोटी, माणूस सहज बोलून जातो तसं, ती म्हणाली, "काही होत नाही, अब्बा."

त्यांनी मान वर केली. रागानं नाही. कुणीतरी फार लांबून हाक मारल्यावर, ही हाक आपल्यालाच का, हे कळायच्या आधी माणूस बघतो तसं त्यांनी तिच्याकडं बघितलं, आणि मग तिच्या मागं, शटरखालच्या विटेकडं.

तिला तेव्हा ते सगळं आठवलं, म्हणजे अम्मीनं सांगितलेलं. अब्बांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं. तांदूळ निवडता निवडता अम्मीनं एकदाच सांगितलं होतं, सूप हलवत, वर न बघता. अब्बांची थोरली बहीण, फुप्पी, लोहाऱ्याच्या पलीकडं एका गावात दिली होती. भूकंपाच्या आदल्या वर्षीपासूनच तिकडं जमिनीतून आवाज येत होते. भांडी वाजायची. भिंतीतून माती गळायची. माणसं अंगणात, खळ्यावर झोपायला लागली. दगडाच्या भिंती, वर माळवद, त्याच्यावर दोन-दोन हात मातीचा थर. पण किती दिवस बाहेर झोपणार? विंचू, थंडी, लहान लेकरं. आवाज थांबले की लोक आत जायचे, आले की बाहेर यायचे, मग आवाज आले तरी आतच राहायला लागले. फुप्पी मात्र भित्री होती. मधून मधून भांडी वाजली की ती दोन्ही लेकरं घेऊन पुन्हा अंगणात निजायची आणि सासरचे हसायचे. अब्बा तेव्हा तेवीस वर्षांचे, सोलापुरात बाइंडिंग शिकत होते. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात एका शुक्रवारी ते तिला भेटायला गेले. फुप्पीनं धाकट्या भावाला विचारलं, तू शहरात राहतोस, शिकल्यासवरल्या लोकांची पुस्तकं शिवतोस, तू सांग, कधीपर्यंत बाहेर निजू? अब्बांनी भिंतीला हात लावून बघितलं. काही होत नाही आपा, म्हणाले, झोप आत. आणि संध्याकाळच्या गाडीनं सोलापूरला परत आले. पुढं अम्मीनं सांगितलं नाही. सुपातले खडे वेचून बाजूला ठेवले, मोजल्यासारखे. पुढचं सांगायची या जिल्ह्यात कुणालाच गरज नसते.

तिनं पुन्हा व्हर्नियर लावला, सवयीनं. २०.९. दोन मिनिटांत ०.८. आता ठिपके नीट चढत नव्हते, उडी मारत होते. तिच्या डाव्या अंगाला छातीइतका कागद होता, उजव्या अंगाला कापड, समोर सरसाचा डबा आणि दारात, विटेपाशी, अब्बांचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं. ती हे सगळं आज पहिल्यांदा बघत होती असं नव्हतं. आज ते आकड्याशेजारच्या रकान्यात येऊन बसलं होतं.

अब्बा दखनीत बोलले, दुकानात. "कब निकालना, वो तू बोल. मैं नै बोलता."

"आत्ता," मिनाज म्हणाली.

गल्ली ओलांडून वीरप्पांचं अर्धवट बांधकाम होतं, वर्षभर थांबलेलं. स्लॅबखाली सिमेंटचा नवा हौद होता, त्यात अजून पाण्याचा थेंब पडला नव्हता. लॅपटॉप तिनं दोन्ही हातांवर आडवा धरून नेला, पावलं मोजत. शटरपासून हौदापर्यंत बत्तीस. अब्बांनी घमेल्यात कोरडी वाळू भरली. हौदाच्या कठड्यावर तिनं लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला घेतले. एक, दोन, तीन. अब्बांनी खिशातून काडेपेटी काढली आणि उघडून पुढं धरली: आत अकरावा स्क्रू. आठवड्यापूर्वी वरची खोली झाडताना सापडला, म्हणाले, वाटलं मशिनचा असेल. म्हणजे आठवड्यापूर्वीच फुगवट्यानं झाकण ढकलायला सुरुवात केली होती, तिनं पहिला आकडा लिहायच्या आधी. दहाही निघाले. झाकण तिनं उचललं नाही. ते आपणहून वर आलं.

तीन पुड्या. कडेच्या दोन जवळजवळ सपाट. मधली उशीसारखी, आणि तिच्या अंगावर आडवी, पुठ्ठ्याच्या कडेची एक स्वच्छ सरळ घडी. वास इथून येत होता. बारीक वायर तिनं नखानं सोडवली. पण पुड्या तळाला चिकटवलेल्या होत्या, काळ्या चिकटपट्टीनं, आणि त्यांना धातू लावायचा नाही, वाकवायचं नाही, टोचायचं नाही. तिचा हात पुढं गेला. तिनं तो मागं घेतला.

"सरक," अब्बा म्हणाले. त्यांनी कमरेची हाडाची पट्टी काढली, जिनं ते कागदाला घडी घालत आणि जुन्या ग्रंथांचे चिकटलेले पुठ्ठे पान न फाडता सोडवत; तीस वर्षं घासून ती ब्लेडसारखी पातळ झाली होती आणि टोकाला गोल. "चिकटलेलं सोडवायचं काम माझं हाय."

"अब्बा, हे पुस्तक नाहीये."

"व्हय, दिसतंय मला. तू लांब हो."

ती लांब झाली नाही. ते खाली वाकले. पट्टी कडेच्या पुडीखाली गेली, तळाला चपटी टेकून, वर न उचलता, डावीकडं केसभर, उजवीकडं केसभर. त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता. त्यांच्या गळ्यापाशी घाम साठून एक थेंब झाला होता आणि तो पडेल का याच्याकडं ती बघत होती. मधल्या पुडीपाशी पट्टी थांबली. आतून आवाज आला, अगदी बारीक, कुणी ओठ मिटून श्वास सोडावा तसा. अब्बांनी हात काढला नाही. डोळे मिटले. तिला वाटलं ते आवाज ऐकतायत. मग वाटलं, त्यांनी हा ओळखलाय. तिनं मनातल्या मनात सतरापर्यंत मोजलं. आवाज थांबला. पट्टी पुन्हा हलली, केसभर, केसभर, आणि तिन्ही पुड्या एकत्र, एका पापुद्र्यासारख्या, त्यांच्या तळहातावर आल्या. त्यांनी त्या वाळूत ठेवल्या, घमेलं हौदाच्या तळाशी सोडलं, आणि तेव्हा तो थेंब पडला.

तिनं घमेल्यात, पुड्यांना न लावता, शेजारी प्लॅस्टिकची पट्टी उभी रोवली आणि वरून, कठड्यावर पोटावर पडून, दशांश अंदाजानं धरत, वाचलं. पहिला सेल ६.१. तिसरा सेल ६.३. मधला १२.६. वही दुकानात राहिली होती. तिनं काडेपेटीच्या पाठीवर लिहिलं. अब्बा कठड्याला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तुझं सोमवारचं?"

"वायरीवर चालेल बहुतेक. लाइट गेली तर बंद पडेल."

"लाइट तर जातीच."

"जाते."

त्यांनी मान हलवली. "तू बोललीस ते बरं केलंस," म्हणाले, आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांनी अंथरूण दुकानातून उचललं आणि गल्लीत, ओट्यावर टाकलं. तिचंही वरून खाली आणलं. पानपट्टीवाला म्हणाला, काय खाजाभाई, आज लई उकडतंय का? अब्बा म्हणाले, हौ. वीट शटरपाशी तशीच पडून होती.

रविवारी ती उजाडताच उठली. बत्तीस पावलं. अब्बा मागून आले, टोपी घालत, आणि हौदाच्या अलीकडं थांबले. ती कठड्यावर पोटावर पडली, मान खाली घातली, डोळा पट्टीच्या रेषेत आणला. वास होता. वाळू रात्रीसारखीच होती, तिला कुणी हात लावला नव्हता. कशालाही न जोडलेल्या तीन पुड्या तिथं होत्या.

"किती?" अब्बांनी विचारलं.

तिनं दोनदा वाचलं आणि काडेपेटीवर, कालच्या आकड्यांच्या खाली, लिहिलं. रविवार, सहा पन्नास, तापमान सव्वीस. पहिला सेल ६.१. तिसरा सेल ६.३. मधला सेल १४.९.